सहा भोकांची भाकरी

फाल्गुन शुद्ध ५, शके १८६५. कळंब.
आईला सांगून टाकलं: चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडाईच्या दर्शनाला जायचं ते मोटारीनंच. तिचे गुडघे गेलेत, बैलगाडीत हाल होतात. लिलावात घेतलेली फोर्ड दारात उभीच आहे. इंजिन खणखणीत. गिअरबॉक्स फुटलाय, तेवढा बदलायचा. आठ दिवसांचं काम.

फाल्गुन शु. ९
गिअरबॉक्स मिळाला, शेवरलेटचा. मौला मिस्त्री म्हणाला, ये उसको नै बैठता सावकार. दोन्ही जोडायला मध्ये घंटेच्या आकाराचं बिडाचं बेलहाउसिंग लागतं, त्याची भोकं जुळावी लागतात. म्हटलं, जुळवू. मिस्त्री लोकांना उत्साह कमीच.

फाल्गुन वद्य २
कागदावर माप घेतलं, फाटला. बायकोकडून, रुद्रम्माकडून, ज्वारीचं पीठ मळून घेतलं आणि इंजिनाच्या पाठीवर थापलं. सहाही भोकं स्वच्छ उठली. मग ती भाकरी तव्यावर कडक भाजून घेतली. बायको दिवसभर बोलली नाही. कौतुक मनात ठेवते.

फाल्गुन वद्य ५. सोलापूर.
निजामाच्या सरहद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या कारकुनानं विचारलं, भाकरीला भोकं कशाची? म्हटलं, मोटारीची. दोन तास बसवून ठेवलं. भूक लागली. दोन भोकांकडचा भाग खाल्ला. ऑइलचा वास येतो, पण खुसखुशीत. चार भोकं राहिली. चार जुळली की सहा जुळतातच. जुन्या बाजारात एक बेलहाउसिंग चारींना तंतोतंत बसलं. घेतलं.

चैत्र शु. १, शके १८६६
पाडव्याच्या मुहूर्तावर जोडलं. चार बोल्ट बसले. खाल्लेल्या दोन भोकांत अंगठाभर फरक. मौला म्हणाला, और खाव. दुर्लक्ष केलं.

चैत्र शु. १२
चार बोल्ट पुष्कळ झाले. गिअरबॉक्सचा दांडा क्लचपर्यंत दोन बोटं पोचत नाही, असं मौला आज सांगतो. किरकोळ. परवान्यावर एक गॅलन पेट्रोल मिळालं, जायला पुरेल. यायचं तिथं बघू. रुद्रम्मानं विचारलं, बैलगाडी सांगून ठेवू का? तिला झापलं. आईनं इरकल लुगडं काढून ठेवलंय.

पौर्णिमा, सकाळी ७
आई नारळ घेऊन मागच्या सीटवर बसली. गल्ली लोटली होती. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू! गिअर टाकला. गाडी हलली नाही. बाकी सगळं उत्तम.

पौर्णिमा, सकाळी ९
आई तासभर तशीच बसून होती. मग म्हणाली, मल्लू, ऊन चढाय लागलं, आमी बैलगाडीनं होतो म्होरं. तू ये मागनं मोटार घिऊन. रुद्रम्मानं तिला धरून उतरवलं. मी बॉनेटमध्ये डोकं घालून होतो.

चैत्र वद्य १, संध्याकाळी
दोघी परतल्या. आईचे गुडघे भोपळ्याएवढे सुजलेत. शेकता शेकता रुद्रम्मा सांगत होती, येरमाळ्यात आत्याबाई, म्हणजे आई, भेटेल त्याला सांगत होत्या, ल्योकानं मोटारीनं आणलं. कुणी विचारलं, मोटार कुठाय? तर म्हणाल्या, गर्दी लई हाय, लांब हुबी केलीया.

मीही अगदी हेच सांगितलं असतं. पण आई जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.