आक्कांची दाढ

सुई बाहेर काढली तेव्हा आक्कांनी डोळे उघडले, आबा, आणि छताकडं बघत राहिल्या. भूल चढत होती. खालचा ओठ उजव्या बाजूनं जड व्हायला लागलाय, हे त्यांनी बोटानं दाबून मला दाखवलं. कॅमेरा माझ्या खांद्यावरून त्यांच्या तोंडात बघत होता आणि शेजारच्या खोलीत माझ्याबरोबर शिकणारे डॉक्टर पडद्यावर तीच हिरडी बघत होते. शिकवणारा माझ्या डाव्या हाताला उभा होता. पुण्याचा, माझ्या पुतण्याच्या वयाचा, आवाज कधी न चढवणारा. 'घ्या सर, सुरू करा,' तो म्हणाला. मी ब्लेड उचललं आणि परत ट्रेमध्ये ठेवलं. 'मी करत नाही.' त्याला वाटलं मला दुसरं काही हत्यार हवंय. 'काय देऊ सर?' 'काही नको. हा दात मी बसवत नाही.' त्यानं ट्रेकडं बघितलं. 'सर, प्लॅन तुम्हीच केलाय. मी तपासलाय. बसतोय.' 'बसत असेल,' मी म्हणालो आणि मोजे काढले. आक्का आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होत्या. मग त्यांनी गळ्याखालचा कागदी रुमाल स्वतःच सोडला, घडी केली आणि मांडीवर ठेवला.

तुमच्या दवाखान्यातल्याच आक्का. तुम्ही गेलात तेव्हा त्या चाळिशीकडं झुकल्या होत्या, आता साठी ओलांडलीय. अजून सकाळी त्याच येतात, त्याच हत्यारं धुतात, आत कोणाला सोडायचं ते त्याच ठरवतात. माझे केस पांढरे झाले तरी त्यांच्या लेखी तुम्ही मोठं डॉक्टर आणि मी धाकलं डॉक्टर. समोरच्या इमारतीत काचेचा एक नवा दवाखाना झालाय. तुमच्याकडून कवळी करून घेतलेल्या माणसाचा मुलगा माझ्याकडं येतो, 'इम्प्लांट करता का?' विचारतो, आणि मी नाही म्हटलं की माझ्यादेखत जिना उतरून रस्ता ओलांडतो. कवळी आता कोणाला नको असते. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवतात, तो हाडात मुरला की त्यावर दात चढवतात. आक्का त्याला स्क्रूचा दात म्हणतात. तो बसवायला शिकायचं म्हणून मी या वयात नाव घातलं. नोंदणी टिकवायची तर अशा शिकवण्यांचे गुण जमवावेच लागतात, तेही एक कारण होतंच.

हायवेवरच्या एका हॉटेलात रविवारी वर्ग भरतो. सुरुवात पुढच्या दातांपासून झाली. तुटलेला दात थर देऊन असा भरायचा की टोकाशी तो किंचित निळसर दिसावा आणि हिरडीशी पिवळट. खरा दात एका रंगाचा नसतो, असं शिकवणारा म्हणाला, तेव्हा मला तुमची दातांच्या रंगांची पट्टी आठवली. तुम्ही रुग्णाला खुर्चीतून उठवून गॅलरीत उन्हात उभं करताय. खाली रस्त्यावर पिशव्या सांभाळत थांबलेल्या त्याच्या बायकोला वर बोलावताय. 'वहिनी, हा बरा का हा?' ती लाजत एकाकडं बोट दाखवते आणि तुम्ही तोच दात लावता. ज्याचे दात त्याच्या हातात तुम्ही आरसा दिलेला मला आठवत नाही. नंतर हाडात भोक पाडायची सवय व्हावी म्हणून मटणवाल्याकडून बकऱ्याचे जबडे आणले. गडहिंग्लजकडचा एक डॉक्टर जबडा हातात धरून म्हणाला, 'सर, उरलेल्याचा पांढरा रस्सा लावायचा काय?' सगळे हसले. मीही हसलो. माझी कंबर दुखत होती. पास झालो तेव्हा तुम्ही मला फिरतं स्टूल दिलं होतंत, उभं राहून माझी गेली, तुझी जाऊ नये, म्हणून. बसूनही जाते, आबा. हळू जाते, एवढंच.

शेवटचा वर्ग हॉटेलात नाही, एका दवाखान्यात असतो, आणि तिथं प्रत्येकानं स्वतःचा रुग्ण आणायचा असतो. पडलेली दाढ हवी, हाड बरं हवं, साखर ताब्यात हवी, आणि रविवारी मोकळा असणारा माणूस हवा. रुग्णाला खर्च नसतो, कारण हात आमचा शिकाऊ असतो. आज बाहेरच्या बाकावर आमचे रुग्ण ओळीनं बसले होते. एकाचा ड्रायव्हर, एकीची स्वयंपाकाची बाई, एकाच्या सासऱ्यांच्या शेतातला वाटेकरी, आणि कडेला हातात पिशवी धरून आक्का. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. मी चहाचा कप घेऊन दारात उभा राहिलो आणि त्या बाकाकडं बघितलं. यातलं कोणी स्वतःहून आलेलं नव्हतं आणि कोणी नाही म्हणू शकलं नसतं. मी आक्कांना तरी काय विचारलं होतं? 'आक्का, रविवारी मोकळ्या आहात का? तुमची दाढ बसवून टाकू.' त्या 'व्हय' म्हणाल्या होत्या. दवाखान्यात मी काहीही म्हटलं की त्या 'व्हय'च म्हणतात.

हे मला सुचलं ते तुमच्यामुळं, असं म्हणवत नाही. तुम्ही कधी कोणाला विचारायचा नाहीत. गगनबावड्याकडची माणसं पहिल्या एसटीनं यायची, गालाला फडकं बांधून. तुम्ही तोंडात बघायचात आणि म्हणायचात, 'काढायचा.' तो म्हणायचा, 'काढा की.' एवढंच बोलणं. मी नवा असताना एका म्हाताऱ्या माणसाला समजावत होतो, दात वाचवता येईल, टोपी बसवता येईल, नाहीतर काढता येईल, तुम्हाला काय वाटतं. पडद्यामागून तुमचा आवाज आला, 'त्याला काय विचारतोस? तो दात दाखवायला आलाय, परीक्षेला बसायला नाही.' म्हातारा खुदकन हसला आणि माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघून म्हणाला, 'व्हय की डॉक्टर, तुम्हीच सांगा.' मला राग आला होता, पण लोक तुमच्याकडंच यायचे, हेही खरं. घरातही तेच. कवळीचे साचे तुम्ही स्वयंपाकघरात उकळायचात, दुधाच्या शेजारी, आईच्या पातेल्यात. साच्यातल्या मसाल्याचा उग्र वास सगळ्या घरात बसायचा. आई म्हणायची, 'आमच्या आमटीला तुमच्या बत्तिशीचा वास येतोय.' तुम्ही म्हणायचात, 'अजून दहा मिनिटं,' आणि गॅस मोठा करायचात.

आक्कांची ती दाढ तुम्हीच काढलीत. मी सुट्टीत घरी आलो होतो, म्हणून बघितलं. त्या कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. गाल सुजलेला, पदर तोंडाला लावलेला. दोन रुग्णांच्या मधे तुम्ही त्यांना म्हणालात, 'बस.' त्या बसल्या. थोड्या वेळानं कापूस दाताखाली दाबून त्या त्याच खुर्चीजवळचं भांडं विसळत होत्या. त्या रात्री जेवताना मी म्हटलं, आबा, ती दाढ वाचली असती, आम्हाला कॉलेजात आत्ताच शिकवलंय. तुम्ही भाकरी मोडत होतात. 'वाचली असती. चार वेळा खुर्चीत बसावं लागलं असतं. तिला तेवढी सुट्टी कोण देणार?'  सुट्टी देणारे तुम्हीच होतात, हे मला पानावरून उठल्यावर सुचलं.

परत येताना आक्का गाडीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. निम्मं तोंड बधिर, शब्द ओठातून घसरत होते. त्यांनी पिशवी मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाल्या, 'काय झालं?'

'हाड खाली गेलंय आक्का. नस जवळ आहे. धोका नको म्हटलं.'

'कुणी म्हटलं?'

'मी.'

'आन् मी कुठं हुतो तवा? खुर्चीतच हुतो की.'

मी म्हणालो, 'तुमच्यासाठीच थांबलो. तुम्हाला नाही म्हणता येत नाही, म्हणून.'

'मला?' त्या माझ्याकडं वळल्या. 'तुमच्या दवाखान्याला रंग देताना मी न्हाय म्हणलोतो का न्हाय? हिरवा नको म्हणलोतो. दिलासा का हिरवा?' मग पदरानं ओठाची कड पुसली. 'सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय. कबनूरची भैण म्हणती, दाताच्या डॉक्टराकडं जलम काढलास आन् तोंडात खिंडार. आता तिला काय सांगू? भूल दिली आन् उठवून लावलं?'

'आक्का, ओठ कायमचा असाच राहिला असता.'

'ऱ्हायला असता का न्हाय, ते मला सांगितलंसा कधी?'  पुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर होता, त्याला ओलांडता येत नव्हतं. आक्का त्या मोळ्यांकडं बघत म्हणाल्या, 'मोठ्या डॉक्टरांनी काढली तवा बी न्हाय विचारलं. तुम्ही बापलेक सारखंच.'  घर आलं तेव्हा उतरताना त्यांनी दार मात्र हळूच लावलं.

मी घरी न जाता दवाखान्यात आलो. रविवारची संध्याकाळ आहे, खाली दुकानं बंद आहेत. आयुष्यभर तुमच्यासारखं वागायचं नाही एवढी एकच गोष्ट मी कष्टानं केली. प्रत्येकाला समजावलं, प्रत्येकाला विचारलं, मराठीतला संमतीचा कागद वाचून दाखवला. आणि जी बाई रोज माझ्याबरोबर असते तिला विचारायचं राहिलं, कारण ती मला कधी रुग्ण वाटलीच नाही. तिच्यावर दया करायला मात्र मी वेळ काढला. तुम्ही निदान दया केल्याचं सोंग केलं नाहीत.

शिकवणाऱ्याला मी नंतर नसेचं कारण सांगितलं. आक्कांना धोका सांगितला. वर्गातल्या लोकांना तर काहीच सांगावं लागलं नाही, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवले, चांगला निर्णय घेतलात सर, म्हणाले. नस जवळ होती, हे खरं आहे. पण स्कॅन माझ्याकडं आठवडाभर होता आणि नस आठवडाभर तेवढीच जवळ होती. ब्लेड खाली ठेवलं तेव्हा मला समाधान वाटलं नाही, आबा. शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसं वाटलं. तो बाक, ते नाही म्हणता न येणं, हे सगळं मी मोजे काढता काढता जुळवलं. मला नवीन काही शिकायचं नाही. हात चालतोय तोवर दात भरावेत, काढावेत, आणि घरी जाऊन पाठ टेकावी. तुम्ही असतात तर हे लिहिलं नसतं. तुमच्यासमोर 'दमलो' म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती, आणि तुम्ही दमलेले मला कधी दिसला नाहीत. हे कागद ड्रॉवरमध्ये राहतील.

ड्रॉवर परत उघडलाय, आबा. सोमवारी सकाळी आक्का नेहमीच्या वेळी आल्या. ओठ जागेवर आला होता, आतून थोडा चावला गेला होता. पिशवी खुंटीला लावून त्या म्हणाल्या, 'दावा काय ते.' मी कॉम्प्युटरवर त्यांचा जबडा काढला, नस दाखवली, स्क्रू कुठं येईल ते दाखवलं. चुकलं तर काय होईल ते सांगितलं. नीट झालं तर काय होईल, तेही सांगितलं. मला भीती वाटली, हेही सांगून टाकलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढून पडद्याजवळ तोंड नेलं आणि दोन प्रश्न विचारले. त्यांतला एक, ऊस खाता येईल का, हा होता. मी म्हणालो, सोलून, बारीक कांड्या करून. त्यांनी खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाल्या, 'बसवायची. पण तुम्ही न्हाय. त्या पुण्याच्या पोराला करू दे. तुम्ही बाजूला बसून बघा.' मी तिथंच त्याला फोन लावला. त्यानं पुढच्या महिन्यातला एक रविवार दिला आणि विचारलं, वर्गाच्या नोंदीत केस कोणाच्या नावावर लावायची, तुमच्या का माझ्या. मी म्हणालो, तुमच्या. आक्कांनी तोवर दार उघडून बाहेर बसलेल्या माणसाला आत घेतलं होतं.