स्वयंपाकघरातली बैठक

बाबा, तुम्ही शांतिसेनेबरोबर सुदानच्या दक्षिणेकडे होतात तेव्हा मी नववीत होते. सुट्टीवर आलात की जेवताना तिथलं काहीबाही सांगायचात, पण ही गोष्ट एकदाच सांगितलीत. भांडलेल्या दोन गावांची बैठक झाडाखाली बसायची होती आणि तुमचे जवान रायफली घेऊन भोवती उभे होते. एक म्हातारा तुमच्याजवळ येऊन म्हणाला, "तुम्ही उभे आहात म्हणून माझी माणसं बसत नाहीत." तुम्ही जवानांना मागे नेलंत आणि त्यापायी साहेबांची बोलणी खाल्लीत. आईने विचारलं, "आणि काही झालं असतं तर?" तुम्ही आमटी वाढून घेतलीत.

मी आता जर्मनीत, ब्राउनश्वाइगला निर्वासितांच्या वसतिगृहात काम करते. त्याच भागातले, शेजारच्या दोन गावांचे दोन तरुण तिथे राहतात. एक बेकरीत कामाला आहे, दुसरा शिकतोय. दोघं एकत्र रांधायचे. मग गावाकडे कुरणावरून मारामारी झाली, बेकरीवाल्याचा भाऊ त्यात गेला, आणि मारणाऱ्यांत विद्यार्थ्याचा काका होता. तेव्हापासून बेकरीवाला स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागला आणि विद्यार्थी खोलीतच पाव खाऊन राहायला लागला. आमची हाइमलायटरिन, म्हणजे वसतिगृहाची प्रमुख, म्हणाली, "तर मग, एकाला दुसऱ्या शहरात पाठवून देऊ." तेवढ्यात गावाकडून निरोप आला. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बरेच दिवस बसून समेट घडवला होता, काकाने सगळ्यांसमोर कबुली दिली होती, बैल कापला होता. पण जर्मनीतले हे दोघं एका ताटात जेवल्याशिवाय तो समेट पुरा होणार नव्हता. मी हाइमलायटरिनकडून आठवडाभराची मुदत मागून घेतली.

शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात लॅपटॉप लावते आणि दाराशी उभी राहते. पडद्यावर गावाकडचे काही म्हातारे आणि बेकरीवाल्याची आई. त्यांच्यातले एक निवृत्त मास्तर मला इंग्रजीत समजावून सांगतात. टेबलावर विद्यार्थ्याने रांधलेलं मटण आणि ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड, एकाच ताटात. बेकरीवाला बसत नाही. तो कट्ट्याशी उभा आहे आणि कट्ट्यावर सुरी आहे. विद्यार्थी खाली बघून काहीतरी बोलतो. मास्तर सांगतात, "तो म्हणतोय, मी तिथे नव्हतो, पण ते माझंच घर आहे."

बेकरीवाला जर्मनमध्ये बोलतो, मला कळावं म्हणून. "माझा भाऊ जेवला का?"

त्यावर त्याची आई बोलायला लागते. मास्तर सांगतात, "ती म्हणतेय, मला एकच मुलगा उरलाय. तो तुरुंगात नको." मग ते माझ्याकडे बघतात. "बाई, तुम्ही दाराशी उभ्या राहू नका. बसा."

मी बसते. मग बेकरीवाला खुर्ची ओढतो, एक घास घेतो. तो त्याला गिळवत नाही, तरी गिळतो, आणि उठून खोलीत जातो. "आजच्यापुरतं झालं," मास्तर म्हणतात. विद्यार्थी ताटावर वाकून रडत असतो.

दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. पण विद्यार्थी आता स्वयंपाकघरात रांधतो, दुसरा घरात असला तरी. कुणालाच दुसऱ्या शहरात पाठवलं नाही. भीती वाटली का, असं हाइमलायटरिनने विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. हा कागद कुणाला दाखवणार नाही, म्हणून इथे लिहिते. मी बसले खरी, पण मांडीवरच्या फोनवर पोलिसांचा ११० नंबर दाबून ठेवला होता, आणि बेकरीवाला खोलीत जाईपर्यंत हिरव्या बटणावरून अंगठा काढला नाही.