समाजसेविका धनुबाई, वॉर्ड सगळं गाव

६ जानेवारी
खताच्या दुकानदाराने नवनीतला फुकट डायरी दिली. माझा मुलगा तिच्यात काय लिहिणार, पाणी कधी सोडलं आणि मोटार कधी जळली? म्हणून मी घेतली. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात रुचिका लिहिते. मी अहिराणीत सांगते, ती शाळेच्या मराठीत उतरवते. त्यामुळे माझा राग थोडा इस्त्री केल्यासारखा दिसेल. रागाला धक्का नाही.
ही वही फक्त माझी. दुसऱ्या कुणी वाचायची नाही. मला तर वाचताच येत नाही, म्हणजे गुपित एकदम पक्कं.

९ जानेवारी
रुचिकाचं एम.एस.डब्ल्यू.चं शेवटचं वर्ष. दोन वर्षं कॉलेजात जाऊन शिकते काय, तर लोकांच्या घरी जाऊन बसायचं, त्यांचं ऐकायचं आणि भांडणं मिटवायची. हे मी चाळीस वर्षं ओट्यावर बसून करते आहे. फी न भरता.
३१ मार्चच्या आत तिला पाच केसची फाईल द्यायची आहे. नाही दिली तर परीक्षेला बसू देणार नाहीत. मी म्हटलं, पाच काय, पन्नास देते. गावात दुःखाला काय तोटा?

१० जानेवारी
विचारलं, डिग्री झाल्यावर लायसन कुठे मिळतं? म्हणे, आपल्याकडे समाजकार्याला लायसन नसतं.
डोकं फिरलं. फवारणीचं औषध विकायला लायसन. फटफटी चालवायला लायसन. आणि माणसाच्या घरात घुसून त्याचा संसार उसवायला काहीच नको?
ठरवलं. पहिलं लायसन मीच काढणार. मग ओट्यावर ऑफिस. मी साहेब, रुचिका क्लार्क. तिला बाहेर नोकरी शोधायची गरजच राहणार नाही.

१२ जानेवारी
ती नोकरी शोधते आहे. धडगावकडची एक संस्था आहे, नर्मदेच्या काठच्या गावांत काम करते. मणिबेलीकडे बोटीने जावं लागतं म्हणे. बोट! ह्या पोरीला एस.टी.त उलटी होते.
मला काही नाही. जायचं तर जा.

१३ जानेवारी
घरातलं थोडं लिहून ठेवते, पुढे कामाला येईल. सून रंजिता. तिच्यात आणि माझ्यात अबोला आहे, असं गाव म्हणतं. गाव खोटारडं आहे. आम्हाला बोलायची गरज पडत नाही, एवढंच. तिला काही सांगायचं असलं की रुचिकाला सांगते. मला काही सांगायचं असलं की मीही रुचिकाला सांगते. नऊ वर्षं कसं सुरळीत चाललं आहे.
कारणही लिही. माझ्या आईने लग्नात दिलेली पितळी घागर रंजिताने भांडीवाल्याला देऊन स्टीलचा डबा घेतला. न विचारता.
लिहिताना रुचिका थांबली. म्हणाली, आजी, मम्मी माझी आई आहे. मी म्हटलं, आत्ता तू क्लार्क आहेस.

२१ जानेवारी
शहाद्याला गेले. एस.टी. स्टँडजवळ वहाबचं छपाईचं दुकान. त्याची आई मेहरुन्निसा आणि मी एका वावरात कापूस वेचला आहे. म्हटलं, कार्ड कर. फोटो, नाव, खाली समाजसेविका. गळ्यात घालायची पट्टी लाल हवी.
वहाबने चष्म्यावरून पाहिलं. वर कुणाचा फोटो टाकू, विचारलं. म्हटलं, माझ्यावर कुणी नाही. वॉर्ड कुठला? म्हटलं, सगळं गाव. तो उठून उभा राहिला आणि चहा मागवला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, काकू, लक्षात ठेवा आम्हाला.
लायसनचा दबदबा हा असा असतो.

२ फेब्रुवारी
पहिली केस. शेजारची जसोदाबाई आणि तिची सून. रोज भांडतात, भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. दोघींना ओट्यावर बसवलं.
रुचिकाने आधी बजावलं होतं, ऐकून घ्यायचं, सल्ला द्यायचा नाही. ऐकलं की. चांगलं दोन मिनिटं ऐकलं. नंतरचे दोन तास त्यांनी ऐकलं. न्याय नको का दोन्हीकडून?

५ फेब्रुवारी
जसोदाबाईच्या घरात आजपासून दोन चुली. ती भर गल्लीत म्हणाली, "धनुबाई, तुन्हामुळे मन्हा घरमा दोन चुल्हा व्हई ग्यात."
उपकार विसरणारी जात. आता भांडण होतं का? नाही. मग केस यशस्वी. रुचिकाला म्हटलं, फाईलला लाव. तिने कपाळाला हात लावला. डोकं दुखत असेल, अभ्यास फार आहे.

११ फेब्रुवारी
आजपासून घरोघर. गळ्यात कार्ड. दारात उभं राहून एकच विचारायचं, तुमची अडचण काय?
लोक पाट टाकतात, पाणी देतात. पण अडचण अशी सांगतात, गल्लीत लाईट नाही, नळाला पाणी येत नाही, गटार तुंबलं. मी म्हणते, मनातलं सांगा. तर म्हणतात, मनात तुम्हीच आहात काकू, आमच्या घरात सहा मतं आहेत.
मला सहा जणांचं मत नको होतं, एकाचं दुःख हवं होतं. तरी लिहून घेतलं. चौदा घरं, चौदा गटारं. दुःख एकही नाही. ह्या गावाला नीट दुःखी सुद्धा होता येत नाही.

१९ फेब्रुवारी
रतिलाल आला. आमच्या सरपंचबाईचा नवरा. सरपंच ती, खुर्चीत हा. केळीचा अख्खा घड घेऊन आला आणि ओट्यावर बसून बराच वेळ काही बोलेना.
मी ओळखलं, ही केस आहे. घरात काही बिनसलं असणार. चेहरा मऊ केला आणि गप्प बसले, रुचिका सांगते तशी. शेवटी त्याने तोंड उघडलं. "काकू, पॅनल मन्हं शे. तुम्ही नाव मागे ल्या."
तेव्हा उजेड पडला. निवडणूक तोंडावर. गावात कुणी समाजसेवक म्हणून कार्ड छापलं म्हणजे तो उभा राहणार, हे शेंबडं पोरही जाणतं. गेल्या खेपेला सहा समाजसेवक फ्लेक्सवर होते. मतमोजणीनंतर एकही दिसला नाही. मला त्या सहांत धरलं!
इतका संताप आला की खरं सांगावंसंच वाटेना. म्हटलं, धनुबाई मागे हटत नाही.
घड ठेवून घेतला. केळी बरी होती.

२० फेब्रुवारी
रुचिकाने विचारलं, त्याला खरं का नाही सांगितलं? म्हटलं, समाजसेविकेने गुप्तता पाळायची असते. तूच शिकवलंस.

३ मार्च
कॉलेजात कुणीतरी फोन केला. विद्यार्थिनीची आजी केसच्या नावाखाली घरोघर प्रचार करते, अशी तक्रार. मॅडमने रुचिकाच्या गावातल्या सगळ्या केस रद्द केल्या. कॉलेजतर्फे ती ज्या दवाखान्यात जाते, तिथल्या चार उरल्या. पाचवी नाही. अठ्ठावीस दिवस राहिले.
रुचिका रडली. मी म्हटलं, रडू नको, मी लायसनवाली आहे. ती म्हणाली, "आजी, तुझ्याकडे लायसन नाही. लाल पट्टी आहे."
असं बोलायला कॉलेजात शिकवतात वाटतं.

४ मार्च
आज तिने कुणाचाच निरोप नेला नाही. सकाळी रंजिता चुलीपाशी म्हणाली, आजीले सांग, चहा व्हई गया. रुचिका वही उघडून बसून राहिली. चहा तिकडे गार, मी इकडे गरम. दुपारी मला भाकरीबरोबर ठेचा हवा होता. कुणाला सांगू? कोरडी भाकर खाल्ली.
रात्रीपर्यंत घरात भांड्यांशिवाय कुणी बोललं नाही.
हे पान तिने लिहिलं, कारण वहीचं काम वेगळं, म्हणे. कामात पक्की आहे. माझ्यावर गेली.

७ मार्च
लोणखेड्याला कॉलेजात गेले, मॅडमला झापायला. एकटी, रिक्षाने. कार्ड घातलं होतं.
मॅडम वयाने लहान. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सुरुवात करणार तोच तिने विचारलं, घरी कोण कोण असतं? साधा प्रश्न. मी सांगितलं. मग ती फक्त हं म्हणत राहिली. घागरीचं सांगितलं. आई गेली तेव्हा पूर आला होता, मला माहेरी पोचता आलं नाही, ते सांगितलं. तिची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे होती, हेही सांगितलं. पोरगी बोटीने जाणार, ते सांगितलं. दीड तास झाला.
बिचारीला बोलायलाच सुचत नव्हतं. तिचं मन मीच मोकळं केलं म्हणायचं. झापायचं राहून गेलं, पण तिची हालत पाहून दया आली.
निघताना एका कागदावर माझा अंगठा घेतला. लायसनचा अर्ज असणार. गावात सगळ्यांना मी बजावते, वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. पण इथे माणूस सुशिक्षित होतं.

३० मार्च
रुचिकाने फाईल दिली. पाच केस पूर्ण. पाचवी कुठून आणली, विचारलं. म्हणाली, जवळच मिळाली.
मी चौदा घरं पायाखाली घातली आणि हिला जवळच मिळाली. नशीब एकेकाचं.
रतिलालला आज निरोप पाठवला की मी उभी नाही. उलट उत्तर आलं, माहीत आहे, काकूंना कुणी मत देणार नव्हतंच. गटारं चौदाही तशीच तुंबलेली आहेत.

२६ एप्रिल
ऊन मरणाचं. फाईल परत आली. वर्गात सगळ्यात जास्त मार्क. बाहेरून आलेल्या परीक्षकाने पाचव्या केसचं फार कौतुक केलं. म्हटलं, वाच.
तिने वाचलं. क्लायंट एक, वय त्र्याहत्तर, निरक्षर, स्वभाव तापट. क्लायंट दोन, वय शेहेचाळीस, बारावी पास. नातं सासू-सून. समस्या, नऊ वर्षांचा अबोला. दोघींमधले सगळे निरोप नात पोचवते. नात नोकरीसाठी घर सोडणार, त्यामुळे क्लायंट एक चिडलेली आहे. ही भीती ती मान्य करत नाही.
भीती! मला! आणि परीक्षकाला हे पटलं? त्याला म्हणावं, ये इकडे, दाखवते. ज्या कागदावर अंगठा दिला, ती ह्याच केसची परवानगी होती. रंजितानेही सही केली होती. म्हणजे मी सोडून सगळ्यांना माहीत.
मी म्हटलं, उपाय काय लिहिलास? म्हणाली, लिहिला नाही आजी. सल्ला द्यायचा नसतो.

३१ मे
परीक्षा संपली. संस्थेचं पत्र आलं. परवा सकाळच्या गाडीने धडगाव. तिथून पुढे.
रंजिताने डबा भरायला घेतला. मी रुचिकाला म्हटलं, मम्मीला सांग, पाटोड्या नको देऊ, उन्हात आंबतात. रुचिका म्हणाली, मम्मी चार पावलांवर आहे, आजी. मी पाटोड्यांचा विषय सोडून दिला.

२ जून
गेली. गुडघा दुखतो म्हणून मी स्टँडवर गेले नाही. हे नवनीत लिहितो आहे. तो हळू लिहितो. लिही म्हटलं की विचारतो, सगळं लिहू? आता तो उसाच्या बिलासाठी साखर कारखान्यावर निघाला

८ जून
सहा दिवस वही बंद. नवनीतला सकाळी वेळ नाही, रात्री झोप. रुचिकाचा फोन येतो, पण रेंज जाते. तिला उलटी झाली. बोटीत नाही, एस.टी.तच.
आज दुपारी घरात आम्ही दोघीच. वही माझ्या मांडीवर. मग रंजिता हात पुसत आली, वही घेतली आणि पेनाचं टोपण काढलं. ही अक्षरं तिची आहेत.
कोरं पान शोध, मागचं चाळू नको, असं म्हणायचं होतं. नऊ वर्षांनी पहिलं वाक्य तेच कसं म्हणणार? तेवढ्यात तिने चाळलं. पहिल्या पानापासून. मी उंबऱ्याकडे पाहत बसले. १३ जानेवारीला ती थांबली.
"मी तुमले इचारं व्हतं, आत्याबाई. टीव्ही चालू व्हता. तुम्ही मान हालाई."
मी म्हटलं, लिही, सून खोटं बोलते. तिने लिहिलं. वाच म्हटलं. वाचलं. ऐकायला बरं वाटलं नाही. खोड म्हटलं. तिने खोडलं.
मग म्हटलं, लिही, आठवत नाही. हे खोडू नको.
तिने विचारलं, चहा टाकू का? मी मान हलवली. ती उठली नाही, पेन धरून बसून राहिली. माझ्या मानेवर तिचा भरवसा उरलेला नाही, आणि ‘आठवत नाही’ हा पुरावा आता तिच्याच अक्षरात आहे.
तोंडाने म्हटलं, टाक.