पाटीवर न मावलेला विनू

प्रिय विनू,

आज गणपतीपुळ्याला हॉटेल कामगारांच्या सभेत बोलायला उभी राहिले आणि मला बोलताच आलं नाही. तुझ्या ताईला! माइक हातात घेतला की जिला आवरा म्हणून चिठ्ठ्या येतात, तिला! सभेआधी मी तू नोकरीला होतास त्या हॉटेलात डोकावले होते. तिथे एक पाटी वाचली. ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तुझी अक्षरं अजून तिथेच आहेत रे. 'चपला बाहेर काढाव्यात.' 'ओल्या कपड्यांनी आत येऊ नये.' 'सोलकढी संपली आहे, रागावू नये.' काउंटर सांभाळून, फावल्या वेळात ब्रशने रंगवलेल्या तुझ्या पाट्या. माणूस काढला, अक्षर ठेवलं! फाटकावरचे तानूमामा मला म्हणाले, "बाय गो, तुजा भाव गेला, पन पावन्यांना चपला काडायला अजून त्योच सांगतोय."

आणि काउंटरवर एक नवी पाटी होती. चकचकीत, छापील. 'येथे तृतीयपंथी व्यक्तिंना नोकरीत समान संधी दिली जाते. भेदभाव केला जात नाही.'

'व्यक्तिंना' ऱ्हस्व! तू असतास तर म्हणाला असतास, "शेठ, भेदभाव नाही केलात, पण वेलांटीचा मुडदा पाडलात."

खरं सांगू? आधी मला आनंदच झाला. ही ओळ भिंतीवर यावी म्हणून किती जणींनी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या, दारं बंद झालेली पाहिली, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या वाट्याची एक ओळही मी कमी करू देणार नाही. पण मग मी ती पाटी पुन्हा वाचली. तुला शोधत. तू त्यात नव्हतास.

आठवतं, शेठनी तुला काय सांगून काढलं? चिपळूणहून येणारा महेश तुझा नुसता मित्र नाही, हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. "विनायक, तू कामाला चांगला आहेस रे. पण देवदर्शनाला कुटुंबं येतात. काउंटरला पुरुषासारखा पुरुष पाहिजे." तू म्हणालास, "मीपण कुटुंबातूनच आलोय, शेठ." कागदावर मात्र त्यांनी लिहिलं, हंगाम संपला. ऐन मे महिन्यात हंगाम संपला!

मग मी तुला ओढत वकिलांकडे नेलं. ते म्हणाले, "तृतीयपंथी असतास तर तुझ्यासाठी कायदा होता. सरकारी नोकरीत असतास तर संविधान पुढे करून भांडलो असतो. पण खासगी मालकानं समलिंगी माणसाला काढलं, तर त्यासाठी थेट कलम नाही. तुझं असणं आता गुन्हा नाही, इतकंच." तू गंभीर चेहरा करून विचारलंस, "मग वकीलसाहेब, पुढच्या तारखेपर्यंत तृतीयपंथी होऊन येऊ का?" वकील हसले. तूही हसलास. मी नाही हसले.

जिन्यात मी म्हणाले, "लिहून दे ना तसं. नोकरी तर परत मिळेल." माझ्याकडे बघून तू म्हणालास, "ताई, जे मी नाही ते सांगूनच जगायचं असतं तर 'महेश नुसता मित्र आहे' हे आधीचं खोटं काय वाईट होतं?"

  मी व्यासपीठावरून ओरडून सांगत आले की कायदा दुबळ्याचा बाप असतो. असेलही! पण हा कसला बाप, ज्याला स्वतःची सगळी लेकरं ओळखू येत नाहीत? तू गेल्यापासून मी कायद्याची पुस्तकं उघडून बसते. पानामागून पान उलटते. कुठे आहेस तू? कोणत्या कलमात शोधू तुला?

मग कोणीच काउंटरला घेईना, तेव्हा तू ट्रॉलरवर जाळी ओढायला गेलास. जयगडच्या फेरीबोटीतसुद्धा ओकायचास तू! "तिथं माशांना काही फरक पडत नाही," म्हणालास. भर वाऱ्यात तोल गेला, असं खलाशी सांगत आले. समुद्राने तुला वेळणेश्वरच्या वाळूवर आणून ठेवलं. तिथे महेश गुडघ्यांवर बसून रडत होता आणि लोक एकमेकांना सांगत होते, मित्र आहे, मित्र आहे.

आज पाटीसमोर उभी असताना शेठ बाहेर आले. नमस्कार करून म्हणाले, "बघा ताई, आम्ही कायदा पाळतो."

मी विचारलं, "शेठ, यात माझा विनू कुठे बसतो?"

ते गोंधळले. मग अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "पण ताई, तुमचा विनायक तृतीयपंथी कुठे होता? तो तर पुरुष होता."

ऐकलंस? तो तर पुरुष होता! काढायचं होतं तेव्हा तू त्यांना पुरुष वाटला नाहीस, आणि वाचवायची वेळ आली तेव्हा पुरुष निघालास! ही कबुली त्यांनी तेव्हा दिली असती, तर तू आज त्या काउंटरवर बसून माझ्याशी ऱ्हस्व-दीर्घावरून भांडत असतास.

 काउंटरवर पेन होतं. वाटलं, निदान ती वेलांटी तरी सुधारावी. हात पुढे गेला आणि मागे आला. का सुधारू? पाटी अपुरी आहे, ती चुकलेलीच दिसू दे.

विनू, कायदा मी करू शकत नाही. कधी होईल, माझ्या डोळ्यांदेखत होईल का, तेही माहीत नाही. रात्ररात्र हेच मनात येतं, की होणार नाही. तरी वचन देते. यापुढे सभा कसलीही असो, पगाराची, बोनसची, पाण्याच्या नळाची, पहिलं वाक्य तुझं असेल: माझा भाऊ विनायक पुरुष होता, त्याचं एका पुरुषावर प्रेम होतं, आणि एवढ्यासाठी त्याची नोकरी गेली. माइक काढून घेतील, तर माइकशिवाय बोलेन. आणि ज्या दिवशी त्या पाटीवर तुझ्यासाठी दुसरी ओळ लिहायची वेळ येईल, त्या दिवशी छापखान्यात कोणाला जाऊ देणार नाही. तुझा ब्रश माझ्या कपाटात आहे. अक्षर वाकडं येईल. वेलांटी चुकणार नाही.

तुला कुठल्याच कलमात शोधून काढू न शकलेली,
तुझी ताई