कोंबडीच्या पायावरून

माय, आज तुला लिहायला बसले खरी, पण नेमकं काय सांगायचं तेच कळत नाही. चामोर्शीच्या आपल्या घरात तू कोंबडीचे पाय चुलीवर भाजून त्यांची साल काढत होतीस. म्हणालीस, ‘पाह्य, सरड्यासारखेच हायेत. एकाच घरचे असतीन.’ सहामाहीच्या पेपरात पक्ष्यांवरच्या प्रश्नाला मी तसंच लिहिलं, कोंबडी आणि सरडा एकाच घरचे. गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवलं, सगळे हसले. घरी येऊन मी तुझ्यावर ओरडले, ‘शाळेत गेली नाई, काही समजत नाई, तं सांगतं काऊन?’ तू माझ्याकडे पाहिलंस आणि नुसतं ‘बरं’ म्हणालीस. त्यानंतर माझ्या अभ्यासाबद्दल तू कधीच काही बोलली नाहीस.

आता मी विज्ञान शिकवते. मागच्या महिन्यात वर्गातल्या मुलींना घेऊन सिरोंचाकडे डायनासोरची हाडं पाहायला गेले. दगड झालेल्या त्या भल्या मोठ्या मांड्या पाहून मला वाटलं, हेच पक्ष्यांचे पूर्वज. माहिती सांगणारा म्हणाला, ‘नाई मॅडम, हे झाडपाला खाणारे, यांची फांदी अलग. पक्षी आले ते दोन पायांवर धावणाऱ्या शिकारी डायनासोरांतून.’ त्यानं चित्रं दाखवली. चीनमधल्या खडकात पिसांसकट उमटलेला, न उडणारा डायनासोर. जर्मनीतला एक जुना पक्षी: पिसं आहेत, पण तोंडात दात, पंखांना नखं आणि हाडांची लांब शेपटी. मी बोलून गेले, ‘माही माय हे कोंबडीच्या पायावरून सांगे.’ तो म्हणाला, ‘पायाच्या खवल्यांचं पक्कं नाई मॅडम. काही जण म्हणतात, ते पिसांपासूनच मागाहून झाले. अन् पक्ष्यांले सरड्यापेक्षा मगर जवळची.’

म्हणजे तुझं म्हणणं खरं आणि कारण कच्चं? की म्हणणंही अर्धंच खरं? मी हे लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचते, तरी गोंधळ जात नाही. तुझी माफी मागायची तर कशासाठी, तेही ठरत नाही. तू साफ चुकली असतीस, तर मी बोलले ते चाललं असतं का? हा कागद कुणाला दाखवायचा नाही, तू गेल्यावर टाकायला पत्ताही नाही, तरी इथेच अडले आहे.

परतताना गाडीत एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, तुमची माय शिकलेली होती का?’ मी ‘हो’ म्हणाले, माय. का म्हणाले, ते मला अजून सांगता येत नाही.