सहा जणींची कार्डं

३ फेब्रुवारी

चौथा नमुना पास! सरांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "हं, चालेल." सरांचं चालेल म्हणजे इतरांचं अप्रतिम.

माझा दावा सोपा आहे. वस्तूला करणारीचं नाव लावलं की घेणारा नुसती वस्तू नेत नाही, ओळख घेऊन जातो. म्हणून प्रत्येक टोपलीला एक कार्ड – विणणारीचा फोटो, नाव, खाली दोन ओळी. प्रबंधाचा अर्धा भार या कार्डांवर आहे. उद्या संस्थेच्या वेतकामाच्या खोलीत!

४ फेब्रुवारी

खोलीत सहा जणी. फरशी सदा ओली, पहिल्याच पावलाला घसरले. एक टोपली उचलून विचारलं, "ही कुणी केली?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी मावशी बोलल्या – सगळ्यांत वयस्क, सगळ्याच त्यांना मावशी म्हणतात – "आम्हीच की."

"हो, पण नेमकी कुणी?"

"नेमकी होय!" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. कशाला, ते कळलं नाही.

फोटो काढले. चष्मेवाली म्हणाली, "मला जरा बारीक करून छाप गं." कार्डं छापून पाठवीन, कुठलं कुठल्या टोपलीला ते त्याच बांधतील.

२३ फेब्रुवारी

नावाच्या टोपल्या आधीच्या बिननावाच्यांपेक्षा भराभर जातायत! चष्मेवाली पहिली. धाकटी दुसरी – चार महिन्यांपूर्वीच कामाला लागलीय, लहान लेकीला घेऊन भावाकडे राहते. मावशी शेवटच्या. वय झालं, हात मंदावला असणार, दुसरं काय.

कुणाच्या नावावर किती विकल्या, त्याचा रंगीत तक्ता केला. एक प्रत व्यवस्थापक बाईंना नेऊन दिली. त्यांनी मागितली नव्हती, पण बरं दिसतं.

२ मार्च

बाईंनी तक्ता ऑफिसात भिंतीला लावलाय! चौकटीत!!

५ मार्च

अर्धी खोली गोदामाला जाणार, एप्रिलपासून पाचच जणी. बाई खुशीत म्हणाल्या, "कुणाला काढायचं ते मला सुचत नव्हतं. तुझ्या तक्त्यानं सोडवलं बघ." मावशींना!

बाई तरी काय करणार, त्या अंगणापलीकडे बसतात, त्यांना तयार टोपल्या तेवढ्या दिसतात. आणि मी? महिनाभर पंधरा-पंधरा मिनिटं डोकावून पळत होते. उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं नसतं. आज पहिल्यांदा दिवसभर बसले.

धाकटी वेत भिजवते, शेवटी टोकं कापते. बूड मावशींचं. प्रत्येक टोपलीचं, एकूणएक. मग ती उरलेल्या तिघींपैकी एकीकडे जाते, ती भिंत चढवते. काठ आणि मूठ चष्मेवालीची. कुठलीच टोपली एकीची नाही!

"मग कार्डं कशी बांधता?"

"मावशी सांगतील ती," चष्मेवाली म्हणाली.

मी मावशींना म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाईंकडे चला. त्या बूड फिरवत राहिल्या. "तू नेमकं नाव मागितलंस, आम्ही दिलं. आता राहू दे. माझी बोटं दुखतात, मी बसेन घरी."

किती हा मोठेपणा! मला रडूच आलं. धाकटी बादलीत वेत बुडवत होती, तिनं मानही वर केली नाही. तिचा रागच आला मला. म्हातारं माणूस जातंय आणि हिला काही नाही.

६ मार्च

सरांना सगळं सांगितलं. वाटलं, आता फाडून खाणार. म्हणाले, "तुझा दावा गेला. पण संशोधन आता कुठे सुरू झालं."

बाईंनाही सांगितलं. त्या वैतागल्या. "मग खरं काय ते लिहून आण. कोण काय करतं, किती वेळ करतं. सोमवारी."

८ मार्च

तीन दिवस घड्याळ घेऊन बसलेय. कोणी बोलत नाही माझ्याशी. मावशी तेवढ्या एकदा म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी." स्वतःचं कौतुक नको असतं अशा माणसांना. मी हसून पुढचा आकडा लिहिला.

१० मार्च

जिंकले! मावशींची ओळ सगळ्यांत लांब. बाईंनी दोनदा वाचली. "बूड यांच्याशिवाय कुणालाच येत नाही?"

"कुणालाच नाही."

"मग या राहतील."

येताना जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. आजवर इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. मावशींना सांगायला गेले तर खोलीला कुलूप.

१२ मार्च

धाकटीला काढलं. माझ्या तक्त्यात तिची ओळ सगळ्यांत आखूड. भिजवणं आणि टोकं कापणं कुणीही करेल, असं बाई म्हणाल्या.

मावशी एकट्याच होत्या. म्हणाल्या, "तिचा हात बसायला वर्ष लागेल. तोवर तिचं नाव पुढे असावं म्हणून मीच तिची कार्डं बांधायला लावत होते. मी घरी बसायचं, तिनं राहायचं – आमचं ठरलं होतं गं."