हलक्यातला बॉल

शहागंज, औरंगाबाद
६ जानेवारी १९९२

ती. सरूअक्कास,

धाकट्या कडूबाचा सा. न. वि. वि. विशेष हेच की तुझं पत्र दिवाळीपासून माझ्या खिशात आहे आणि मधल्या काळात तो शर्ट दोनदा धुतला गेला. आज लिहू, उद्या लिहू करता करता मी जालन्याला जाऊन आलो. तिथून एका ट्रकवाल्यासंगं नांदेडला. त्याला गाडी चालवताना गाणं लागायचं आणि गाणारा मीच. अक्षरं पुसली, तुझा राग काय पुसला नसंल.

आता मात्र टेकलोय. इथं हमीदभाईंचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे, त्यात. मला वाटायचं, केसाळ हिरवा गोळा म्हणजे टेनिस बॉल, संपलं. नाय. हमीदभाई म्हणतात, गिऱ्हाईकाचं तोंड बघू नको, खेळणार कोण ते विचार. क्लबातल्या साहेब लोकांना डब्यातला द्यायचा, झाकण काढलं की फुस्स करणारा. हवा गेली की तो मेला. नवशिक्यांना मऊ, कमी उसळणारा. आणि मैदानात क्रिकेट कुटणाऱ्या गड्यांना जाड रबराचा जड बॉल, दाबला तर आपलाच अंगठा दुखतो.

तू लिहिलंस, ह्यांच्यासाठी हलका टेनिस बॉल पाठव. वाचून हसलो. साडीला पण तू हलक्यातलीच आण म्हणतीस, आणि भारीतली आणली की घडी मोडवत नाय तुला. मी काय आज ओळखतो व्हय तुला? मार्केट यार्डात धान्याची मापं घालणारे आमचे दाजी, एवढाले पंजे त्यांचे, त्यांना हलक्यातला? दुकानातला सगळ्यात भारी बॉल ह्याच पत्रासंगं वैजापूरच्या गाडीनं धाडतोय. मागं त्यांच्या डोळ्याला बॉल लागला होता म्हणे, ते आता बरं असंलच.

लोभ आहे तेवढा ठेव, वाढवायचा तर तिळगुळात वाढव.

तुझा
कडूबा


वैजापूर
१३ जानेवारी १९९२

चि. कडूबास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. ते आधीच लिहून घेतले, कारण पुढं मला राग येणार आहे.

अरे बाबा, हलका म्हणजे वजनानं हलका! जन्मात एकदा मनापासून हलकं मागितलं, तर तू नेमका तेव्हाच दिलदार झालास.

दिवाळीच्या पत्रात लिहिलं नाही, कारण कुणाला कळलेलं यांना खपत नाही. यांचा डावा डोळा गेला. उजेड-अंधार तेवढा कळतो. डॉक्टर म्हणाले, आता उजवा जपा, त्याला मार बसला तर आमच्या हातात काही नाही. आणि हे विकेटकीपर. दांड्यांना नाक लावून मागं उभे राहतात. खेळू नका म्हटलं तर ताटावरून उठून गेले. शेवटी मी सासूबाईंची शपथ घातली तेव्हा एवढंच कबूल केलं, की तुझ्या माहेरहून येईल त्याच बॉलनं खेळीन, दुसऱ्याला हात लावणार नाही. म्हणून हलका मागितला होता. लागला तरी फक्त चटका बसेल असा.

तुझा बॉल आल्यापासून घरात जत्रा आहे. टीममधला प्रत्येक जण येऊन तो दाबून जातो, जसा काही आंबाच. रविवारी लासूरच्या टीमशी मॅच आहे. मी म्हटलं, चुकून आलाय, परत करू. तर म्हणतात, मेहुण्यानं हौसेनं पाठवलेलं परत करायचं म्हणजे त्याचं तोंड पाडायचं. मी ट्रंकेत लपवला, तर सासूबाईंनी काढून दिला. त्या कधी तुझं नाव चांगल्या तोंडानं घेत नाहीत, आणि आता म्हणतात, सरूच्या भावानं पहिल्यांदा शहाण्यासारखं काम केलं. सांग, मी कुणाकुणाशी भांडू? शब्दाचं कुलूप मीच लावलं आणि मीच आत अडकले.

रविवारच्या आत हलका बॉल धाड. आणि चूक झाली असं यांना तुझ्या हातानं लिही. माझं ऐकत नाहीत, तुझं कौतुक आहे.

तुझी माया पोचली. इथून पुढं जरा विचारून करत जा.

तुझी
सरूअक्का


शहागंज, औरंगाबाद
१८ जानेवारी १९९२

ती. अक्कास,

कडूबाचा दंडवत. नमस्कार लिहायला तोंड नाय.

तुझं पत्र आज हातात पडलं. तीन दिवस मी शेंद्र्याकडं होतो, तिथं कारखान्यात भरती आहे म्हणून कुणी तरी सांगितलं. भरती नव्हती. उसाचा रस मात्र बरा मिळाला. बघ, आत्ता पण मी रसाचं सांगत बसलोय.

पत्र वाचलं आणि दोन्ही बॉल घेऊन बसलो. हलका कपाळावर मारून बघितला, हसू आलं. मग जड मारला. थोडा वेळ शहागंज फिरत होतं. दाजींनी तर हा मार समोरून, जोरात येणाऱ्या बॉलचा खायचा. अक्का, माझ्या हातानं मी हे वैजापूरला पोचवलं.

हलका बॉल घेऊन दुपारी स्टँडवर गेलो. गाडी भरून निघाली होती, कंडक्टरनं खिडकीतून हात हलवला. मी स्वतःच आलो असतो, पण हमीदभाई एका मयतीला गेलेत, दुकान माझ्या गळ्यात. संध्याकाळच्या गाडीनं हे पत्र आणि हलका बॉल, दोन्ही धाडतोय. दाजींसाठी वेगळी चिठ्ठी लिहिली. पहिली फाडली, कारण त्यात डोळ्याचं लिहिलं होतं, आणि ते तुझ्याकडनं मला कळलं हे त्यांना खपायचं नाय. दुसरीत लिहिलं की तो बॉल खराब निघाला, खेळू नका. पण ते दाबून बघतील. खराब बॉल असा असतो का, म्हणतील. तिसरी लिहितोय, काय लिहू तेच कळत नाय

अक्का, थांब. दुकानासमोर दाजी उभे आहेत.

खरंच. वैजापूरच्या गाडीनं आलेले दिसतात, पटका धुळीनं भरलाय. मी त्यांच्या डावीकडं गल्ल्याशी बसलोय, हाताएवढ्या अंतरावर, त्यांना दिसलो नाय. शेजारच्या कापडवाल्याला विचारतायत, आमचा कडूबा इथंच असतो का. सांगतायत की त्यानं पाठवला तसला बॉल आमच्या तालुक्यात कुणी बघितला नाय, उद्याच्या मॅचला तसलेच आणखी न्यायला आलोय.

आता ते दुकानात तोंड करून माझ्या नावानं हाक मारतायत. लई मायेनं मारतायत, अक्का, आणि मी जड बॉलांचा खोका पायानं गल्ल्याखाली सारतोय.